पिशवीच्या तोंडाची तपासणी फडापर्यंत गेली पाहिजे



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या शेतकी खात्याचा माणूस तुमच्या बांधावर येतो. उसाला टोचा मारून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतो, उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचतो, वहीत टिपतो आणि पुढच्या प्लॉटवर जातो. "तुमचा ऊस पक्व झाला असेल तर गट ऑफिसला आणून दाखवा," असे आजवर एकाही सभासदाला कुणी सांगितलेले नाही. तपासणी उसाकडे जाते. तशी गेली नाही तर उतारा पडतो, हे कारखान्याला पक्के ठाऊक आहे.

बाईच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. तिने दवाखान्यात यावे, रांगेत बसावे, नंबर लागला नाही तर उद्या पुन्हा यावे, आणि हे सारे कशासाठी, तर अंगात काही दुखत नसताना तपासून घेण्यासाठी. कोण येणार?

मागच्या हंगामात उपकेंद्राच्या सिस्टरबाईंबरोबर मी एका टोळीच्या तळावर गेले होते. दुपारची वेळ होती. पहाटे तीनला फडावर गेलेल्या बाया नुकत्याच परतल्या होत्या. कुणी चूल पेटवत होती, कुणी वाढ्याच्या मोळ्या विकायला निघाली होती. सिस्टरबाईंनी सांगितले, "गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी असते, पाच मिनिटांचं काम आहे, तिशीच्या पुढच्या सगळ्यांनी करून घ्या." बाया एकमेकींकडे बघून हसल्या. शेवटी त्यातली एक म्हणाली, "ताई, दुखत न्हाई खुपत न्हाई, मग दवाखान्यात कशाला जायाचं? एक दिस घरी बसलं की खाडा धरत्यात. अन् माझी तर पिशवीच काढलीया."

वय विचारले तर बत्तीस सांगितले.

"का काढली?"

"अंगावरून पांढरं जायाचं. डाक्तर म्हनला, ठिवली तर कॅन्सर व्हईल."

"तपासणी काय केली होती?"

"पोटावर मशीन फिरवलं. पैशे मुकादमानं दिले, उचलीत धरले."

एवढे बोलून ती चुलीकडे वळली. ज्या रोगाच्या भीतीने तिची पिशवी गेली, त्या रोगाची तपासणी तिच्यावर झालीच नव्हती. पोटावरून मशीन फिरवून पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा आजार दिसत नाही. तो बघायचा तर तोंडच बघावे लागते.

ही एकटीची गोष्ट असती तर मी या पानावर लिहिली नसती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. यांतल्या किती जणींना ऑपरेशनची खरी गरज होती हा निराळा विषय. पण "कॅन्सर होईल" हा शब्द ऐकूनच आपण तयार झालो, असे सांगणाऱ्या बाया त्या काळात वर्तमानपत्रांतून वारंवार भेटल्या. या बाया आपल्याच फडात कोयता चालवतात. म्हणून कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय आणावा लागतो आहे.

आता हा आजार काय आहे ते थोडक्यात. गर्भपिशवीचे तोंड योनिमार्गात उघडते. तिथल्या नाजूक कातडीला एचपीव्ही नावाच्या विषाणूची बाधा होते. ही बाधा नवरा-बायकोच्या संबंधांतून होते आणि लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जाते. त्यामुळे कुणाच्या चारित्र्याशी तिचा संबंध जोडू नये. दहांतल्या नऊ जणींच्या बाबतीत दोन वर्षांच्या आत शरीर आपोआप ती निस्तरते. एखादीच्या अंगात मात्र ती मुक्काम ठोकते. तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. हा मधला काळ फार महत्त्वाचा. एवढ्या वर्षांत बाईला काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. संबंधांनंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. उसावर काणी आली की शेंड्यातून चाबूक बाहेर पडतो, आपण बेट उपटतो. पण चाबूक दिसला त्याच्या कितीतरी आधी रोग बेण्यातून आत आलेला असतो. तसेच हे.

२०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात या रोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रोगी बाया निघाल्या आणि जवळजवळ ऐंशी हजार बाया दगावल्या. आणि तपासणी? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांना विचारले, "ही तपासणी तुम्ही कधी केली आहे का?" शंभरांत दोघीही "हो" म्हणाल्या नाहीत. यात फक्त तोडवाल्या नाहीत. तुमच्या-माझ्या घरातल्या, बागायती घरातल्या, दारात ट्रॅक्टर उभा असलेल्या बायाही यातच आल्या.

पुष्कळांना वाटते की हे सगळे पुण्या-मुंबईचे शास्त्र आहे, खेड्यात कुठले चालणार. उलट आहे. या तपासणीचा जगात सर्वांत मोठा समजला जाणारा एक पुरावा आपल्या शेजारच्याच दुष्काळी पट्ट्यातून गेलेला आहे आणि त्याची सुरुवात बार्शीला झाली.

बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आपल्यापैकी कित्येकांना माहीत असेल. १९८७ साली तिथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. शहरात रुग्णालयांची दप्तरे चाळून नोंदणी होते. खेड्यात दप्तर कुठले? मग नोंदणीची माणसे गावोगाव हिंडू लागली. पारावर बसून, घरी जाऊन, लक्षणे समजावून सांगू लागली, संशय आला तर बार्शीला या म्हणून आग्रह करू लागली. गेले होते आकडे गोळा करायला, पण झाले असे की काही वर्षांत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बाया आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ साली प्रसिद्ध केले. यंत्र नाही, औषध नाही. माणूस दारापर्यंत गेला, एवढाच काय तो फरक.

याच पायावर १९९९ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठे काम उभे राहिले. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते मिळून केले. डॉ. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पॅप चाचणी, तिसऱ्यात व्हिनेगरची चाचणी. चौथ्या भागात तपासणी नाही. माहिती आणि नेहमीची सरकारी सेवा तेवढी. या चौथ्या भागातल्या बायांना तपासणीपासून दूर ठेवले हे बरोबर की चूक, यावर पुढे बरीच टीका झाली. ती टीका मला उगाच वाटत नाही. पण जो हिशेब हाती आला तो त्या बायांच्याही वाट्याचा आहे, म्हणून तो नीट समजून घेणे आपल्याकडे लागते.

आठ वर्षांनी पाहिले तेव्हा तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायांत पुढच्या टप्प्याला गेलेले कर्करोग ८२ निघाले आणि ६४ बाया या रोगाने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात बाया अधिक होत्या, ३४,१२६. तरी पुढे गेलेले कर्करोग ३९ आणि मृत्यू ३४. आयुष्यात एकदाच केलेली चाचणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. आपल्या वाशी-कळंबच्या बाजूच्या बायांनी जगाला शिकवले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

मला त्यातला दुसराच आकडा जास्त मोलाचा वाटतो. तपासणीच्या तीन भागांत बोलावलेल्या बायांपैकी शंभरात एकोणऐंशी जणी आल्या. देशात दोघीही नाहीत, तिथे एकोणऐंशी! त्या आल्या कशा? आरोग्यसेविका आधी घरोघर गेल्या. घरच्या पुरुषाशी, सासूशी बोलल्या. तपासणी गावातच, शाळेच्या खोलीत नाहीतर सरकारी इमारतीत पडदा लावून झाली. तपासणारीही बाईच होती. दुष्काळी भागातल्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या बाया या. "खेड्यातल्या बायका ऐकत नाहीत हो," असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्हिनेगरच्या चाचणीबद्दल थोडे अधिक सांगते, कारण आपल्या सरकारी दवाखान्यात मुख्यतः तीच होते. तीन ते पाच टक्क्यांचे ॲसेटिक ॲसिड, म्हणजे चायनीजच्या गाड्यावर असते त्या व्हिनेगरचीच जात, कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. बिघडलेली जागा पांढरी दिसते. बस. उस्मानाबादेत या चाचणीच्या भागात मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी दीड लाख बायांच्या अभ्यासात हीच चाचणी पारखली. तीही दर दोन वर्षांनी, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि महिनाभर तयार केलेल्या मुलींकडून. तिथे मृत्यू शंभरामागे एकतीसने घटले. तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यातही असाच फायदा दिसला. म्हणजे हात तयार हवा, करणारीवर देखरेख हवी आणि तपासणी पुन्हा पुन्हा हवी. सरकारच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या बाईची ही चाचणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात, विनामूल्य.

पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र बिलकूल नाही. उस्मानाबादेत व्हिनेगर लावलेल्या शंभरात चौदा जणींना डाग दिसला आणि त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. त्यांना मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा बघतात. खरोखर बिघाड असला तर तेवढीच जागा गॅसने गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात. भूल नाही, टाके नाहीत, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते आणि पिशवी जागच्या जागी राहते. तळावरच्या त्या बत्तीस वर्षांच्या बाईला हे आधी कुणी सांगितले असते तर!

तपासणी असूनही गरिबापर्यंत पोचत नाही, ही आपल्याकडचीच रड आहे असेही नाही. अमेरिकेत डेलावेअर नावाचे छोटे राज्य आहे. तिथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने काळे लोक गोऱ्यांपेक्षा जास्त मरत होते. (आपल्याकडे या रोगाची सरकारी तपासणी-मोहीम नाही. परसाकडेतून रक्त पडले की मूळव्याध म्हणून वर्षवर्ष लेप लावत बसतात, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आतड्याची दुर्बिणीने तपासणी तिथल्या रुग्णालयांत होतच होती, पण काळ्यांमधले शंभरात अठ्ठेचाळीसच ती करून घेत. २००२ पासून राज्याने विमा नसलेल्यांचा खर्च उचलला आणि रुग्णालयांत अशा नर्स नेमल्या ज्यांचे काम एकच : माणसाला गाठायचे, भीती घालवायची, तारीख घ्यायची, आणायचे, आणि रोग निघाला तर उपचार पुरा होईपर्यंत पाठ सोडायची नाही. २००९ पर्यंत काळे आणि गोरे दोघांचेही प्रमाण शंभरात चौऱ्याहत्तर झाले आणि काळ्यांमधले मृत्यू गोऱ्यांच्या जवळपास आले. दुर्बीण आधीचीच होती.

आता आपल्या फडाकडे येऊ. ऊसतोड बाई तपासणीतून का निसटते, याचे कारण सोपे आहे आणि ते तिच्या अडाणीपणात नाही. दिवाळीनंतर ती गाव सोडते. पाटोदा, आष्टी, शिरूर, पाथर्डी, जामखेड इकडच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव असते, पण शिबिर लागते तेव्हा बाई आपल्याकडे. आपल्या आशाताईच्या वहीत तिचे नावच नाही, कारण ती इथली रहिवासी नाही. सहा महिने इथे, सहा महिने तिथे, आणि दोन्हीकडच्या वह्यांत गैरहजर. त्यातून नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बसली की अर्धा नाही, सबंध कोयता बसतो आणि खाडा दोघांचा पडतो. दवाखान्यात जाण्याचा खर्च शून्य असला तरी दिवसाची किंमत शून्य नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की ही तपासणी ऊसतोडीच्या वेळापत्रकात बसवली पाहिजे. गाडी भरून गेल्यावर दुपारी दोन ते पाच टोळी तळावर असते. त्या वेळेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाई, एक पडदा, एक टेबल, एक बॅटरी आणि पाणी एवढे तळाजवळच्या शाळेत किंवा गट ऑफिसात उभे करता येते. जाण्या-येण्याला कारखान्याची जीप द्यावी. तळ कुठे आहे आणि टोळीत बाया किती, हे आपल्या चिटबॉयइतके कुणालाच ठाऊक नसते. यादी त्याने द्यावी. ज्या दिवशी तपासणी त्या दिवशी खाडा धरायचा नाही, हे मुकादमाकडून करार करतानाच लिहून घ्यावे. हे संचालक मंडळाने मनावर घेतले तर होईल, नाहीतर नुसते शिबिराचे फोटो निघतील.

एचपीव्ही चाचणी अधिक खात्रीची, आणि तिच्यासाठी बाई स्वतःच नमुना घेऊ शकते, ही मोठी सोय आहे. पण तो नमुना प्रयोगशाळेत जातो, निकाल मागाहून येतो. तोवर टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते. व्हिनेगरचा निकाल मिनिटात हातात पडतो, बाई समोरच असते. फिरत्या माणसांसाठी आज तरी मला हीच जवळची वाटते. डॉक्टर मंडळींचे मत वेगळे असले तर त्यांनी या पत्रिकेकडे जरूर लिहावे.

सभासदांच्या घरच्यांसाठीही याच दिवशी याच खोलीत सोय व्हावी. बागायतदाराच्या बायकोने तोडवाल्या बाईच्या रांगेत कसे बसायचे, असे कुणाला वाटेल. वाटले तर वाटू द्या. माझ्या चुलतीला तीन वर्षे अंगावरून जात होते. घरात तीस एकर ऊस आणि दारात दोन गाड्या. लाजेने तिने काढले, आम्ही कुणी विचारले नाही. मोठ्या रुग्णालयात नेली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या काकांना बाजूला बोलावून घेतले. त्यानंतर ती सात महिने होती.

घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्यासाठी लसही आहे; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने काढलेली आपली देशी लस २०२३ पासून मिळू लागली. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी चुकत नाही.

सिस्टरबाईंनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी व्यवहाराच्या म्हणून नोंदवते. पाळी चालू असताना तपासणी करत नाहीत, म्हणून एकाच तळावर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा जावे लागते. पोटुशी बाई असेल तर तिला वगळतात. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनीही कागद असतील तर आणावेत, कारण काही ऑपरेशनांत पिशवीचे तोंड ठेवलेले असते आणि मग तपासणी लागतेच. आणि डाग निघालेल्या बाईच्या कार्डावर टोळीचा आणि मुकादमाचा पत्ता लिहून भागत नाही. पट्टा पडला की टोळी मोडते. कार्डावर तिच्या गावचे नाव, तिथल्या उपकेंद्राचे नाव आणि आशाताईचा नंबर हवा. मागच्या वेळी हे सुचले नव्हते. त्या तळावर डाग दिसलेल्या तिघींपैकी दोघी जिल्हा रुग्णालयात जाऊन आल्या. तिसरी आम्ही जीप घेऊन पोचलो त्याच्या आदल्या रात्रीच टोळीबरोबर निघून गेली होती. तिच्या गावच्या उपकेंद्राला पत्र घातले आहे.